बाणावरचं पाणी

शाळा चौथीत सुटली आणि बाविसाव्या वर्षी मी साताऱ्याकडून हिंगोलीला एका वकिलांकडे येऊन पडलो. त्यांनी आसरा दिला, दोन वेळचं जेवण दिलं; ते उपकार मी आजही नाकारत नाही. ठेवून घेतलं होतं लेखनिक म्हणून. पण निजामाच्या राज्यात कचेरीचं सारं काम उर्दूत, आणि मला अलिफसुद्धा ओळखता येईना. तेव्हा मला बंबावर बसवण्यात आलं. साहेबांच्या आंघोळीचं पाणी बरोबर झालं पाहिजे, एवढीच माझी नोकरी. ते बिघडलं की गावी परत. आणि गावी आईने साऱ्या आळीला सांगून ठेवलेलं, पोरगा वकिलाच्या हाताखाली आहे म्हणून.

पहिलं वर्ष ठीक गेलं. बंबातलं कढत पाणी घंगाळात सोडायचं, गार पाण्याचं विसण घालायचं, कोपर बुडवून पाहायचं. मग साहेब हैदराबादहून ताप मोजायची काचेची नळी घेऊन आले आणि माझं कोपर त्याच दिवशी बडतर्फ झालं.

नळीवर एक तांबडा बाण होता. निरोगी माणसाचा पारा तिथे थांबतो. साहेबांनी त्यावरून कायदा काढला. अंग बाणावर, पाणीही बाणावर, मग दोघांत तंटाच राहत नाही, असं त्यांनी मला समजावलं. संध्याकाळी आलेल्या दोन पक्षकारांनाही समजावलं. त्या बिचाऱ्यांना फक्त बांधाच्या दाव्याची तारीख हवी होती.

आता, अंगाइतकंच ऊन पाणी पौषातल्या सकाळी अंगावर घेतलं तर काय होतं, हे कुणाही अडाण्याला ठाऊक आहे. साहेब शिकलेले होते. ते घंगाळासमोर कुडकुडत बसायचे, मिशा थरथरायच्या, ओठ निळे पडायचे. वकिलीणबाई दाराआडून म्हणायच्या, ‘‘काहून जिवाला तकलीफ करून राहिले? घ्या की एक तांब्या कढत.’’

‘‘पाणी बराबर आहे,’’ दातावर दात आपटत आतून उत्तर यायचं. ‘‘थंडीच जास्त आहे.’’

हार कबूल करणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

एका सकाळी घाईत मी विसण घालायच्या आधीच नळी बंबाच्या तोटीखाली धरली. टिच्कन आवाज झाला. पारा न्हाणीच्या फरशीवर थेंबाथेंबाने पळाला. सांगायची हिंमत झाली नाही. काचा परसात पुरल्या. रोज नळीची रिकामी डबी घेऊन न्हाणीत जायचो, पाठमोरा वाकायचो आणि कोपर बुडवायचो. पाणी पुन्हा माणसाने न्हावं असं झालं. साहेब न्हाणीत गुणगुणायला लागले. वकिलांच्या बैठकीत सांगत सुटले, की हाताच्या अंदाजात काही राम नाही, यंत्र ते यंत्र. ऐकून दोघांनी तसल्या नळ्या मागवल्यासुद्धा.

पंधरा दिवसांनी त्यांची लेक माहेरी आली आणि तिचं लेकरू तापाने फणफणलं. साहेबांनी मला नळी आणायला सांगितलं. पुढ्यात आजारी लेकरू. तिथे खोटं बोलणं जमेना. मी डबी उघडून पुढे धरली.

‘‘कधी फुटली?’’

‘‘पंधरा दिवस झाले, साहेब.’’

‘‘मग रोजचं पाणी?’’

मी बाही वर करून कोपर दाखवलं.

वकिलीणबाईंनी तोवर लेकराच्या कपाळाला हात लावून डॉक्टरकडे माणूस धाडलाही होता. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. मी मात्र वळकटी बांधून ओसरीवर बसलो होतो; आईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात. साहेब आले. रागावले नाहीत. इकडेतिकडे पाहून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, हे बाहेर कुठे बोललो का. मी नाही म्हणालो.

‘‘बोलायचं पण न्हाई. सोड ती वळकटी.’’

ही दया होती की बैठकीतली लाज, ते मी विचारलं नाही. परत जायची धास्ती असलेला माणूस असल्या चौकशा करत नाही. मी वाकून नमस्कार केला, आणि तो मनापासून केला.

सकाळी घंगाळ भरलं. साहेब पाटावर बसले, स्वतः बोट बुडवून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘अजून जरा कढत घाल.’’