दोन बोटं जागा

जनावराच्या अंगावर काहीही बांधलेलं दिसलं की आमच्या कंपौंडरांचा उजवा हात आपोआप पुढं व्हायचा. दोरी आणि कातडी यांच्यामध्ये ते दोन बोटं सारून बघायचे. बोटं सहज गेली तर न बोलता पुढं चालू लागायचे. अडकली तर मालकाकडं वळून म्हणायचे, "दोन बोटं जागा ठिवा मालक. त्येलाबी दम घ्यायचाय."

उमरग्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते नोकरीला होते. कागदोपत्री ड्रेसर, पण डॉक्टर बहुतेक दिवस खेड्यांवर फिरतीला असायचे, म्हणून गावानं यांना परस्पर कंपौंडर करून टाकलं होतं. खाकी अर्धा कोट, त्याला फिनाइलचा वास आणि खिशात कात्री. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेलच. त्याच्या हाताखालून गावातलं प्रत्येक जनावर गेलेलं असतं, आणि माणसांकडं बघायला त्याला तसा फारसा वेळ नसतो.

मी तहसील कचेरीत कारकून. दवाखाना आणि आमचं घर यांच्यामध्ये एक बोळ. निजामाचं राज्य गेलं, मग मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. कचेरीवरची पाटी तितक्या वेळा रंगवून झाली. कंपौंडरांच्या तोंडी मात्र मी शेवटपर्यंत मुन्शीजीच राहिलो.

आता ससा. माझी मुलगी सुमी तेव्हा सहा वर्षांची होती. सोलापूरला कामासाठी गेलो असताना मी तिच्यासाठी एक पांढरा ससा आणला. तिथंच रस्त्यावर एका बड्या साहेबाला कुत्रं साखळीला धरून फिरवताना पाहिलं होतं. ते दृश्य मला फार आवडलं. कुत्र्यापेक्षा साहेबाची चाल जास्त आवडली. घरी आल्यावर मी सशाच्या गळ्यात सुतळी बांधली आणि त्याच चालीनं दाराबाहेर पडलो. ससा जागचा हलला नाही. कंपौंडर नेमके समोरून आले. त्यांनी खाली वाकून हात घातला, तर एक बोटसुद्धा जाईना.

"मुन्शीजी, ह्ये काय करालाव?"

"फिरवायचंय त्याला. घरात कोंडून आजारी पडेल."

"फिरवा की. पर गळ्यात न्हाय. सशाची मान म्हंजे काडी. एक हिसका बसला की संपलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा शिवून आणला. जुन्या बाजेच्या नवारीची पट्टी, एक वेढा पुढच्या पायांच्या पुढून, एक मागून, पाठीवर दोन्ही जोडलेले आणि वर शर्टाची गुंडी. बैलांच्या जखमा शिवायच्या वाकड्या सुईनंच त्यांनी तो शिवला होता. ससा सुमीच्या मांडीवर होता. पट्टा घालून झाल्यावर दोन बोटं आत गेली, बाहेर आली.

"आठ दिस नुसता पट्टा. दोरी न्हाय. घरातच हिंडू द्या. त्येला आवडला तर म्होरचं बगू."

"आणि नाही आवडला तर?"

"तर न्हाय. त्येला इचारल्याबिगर कुठं न्यायचं?"

मला हसू आलं. कचेरीत आम्ही माणसांनाही विचारत नव्हतो.

पाचव्या दिवशी पोळा होता. नोकरदाराच्या घरात बैल कुठला? आम्ही मातीच्या बैलांची पूजा करायचो. पण आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी खांदमळणी चाललेली, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं जात होतं, आणि सुमी तोंड फुगवून बसली. "मातीचे बैल चालत नाहीत. आपल्याला खरा बैल का नाही?"

मी म्हणालो, "आपला ससा नेऊ."

बायको स्वयंपाकघरातूनच बोलली, "लोक बैल सजवायलेत अन् तुमी ससा! हसतील की गावात."

"हसू देत," मी म्हणालो. लोक हसतील हे मला मान्य होतं. ते कौतुकानं हसतील अशी माझी समजूत होती.

सुमीनं सशाचे खांदे हळद-लोण्यानं असे मळले, की पांढरा ससा पुढून पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टा घातला तर लोण्यावरून तो घसरायला लागला. आठ दिवस झाले नव्हते, सशाला दोरीचं कुणी विचारलं नव्हतं, आणि मिरवणूक निघायची वेळ झाली होती. मी गुंडी सोडली आणि पट्टा ओढून दोऱ्यानं गच्च आवळून बांधला. दोन बोटं काय, नखही गेलं नसतं. सुमी शेजारीच गोंडा हातात धरून उभी होती.

आमच्याकडं पोळ्याला मारुतीच्या देवळापुढं बैलांचं लग्न लागतं. बैल रांगेत उभे राहतात, मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात. त्या रांगेच्या शेवटी एका हातात सशाची दोरी आणि दुसऱ्या हातात सुमीचा हात धरून मी उभा राहिलो. ससा जमिनीला चिकटून बसला होता. कान पाठीला चिकटलेले, डोळे मोठाले, हालचाल शून्य.

"मुन्शीजी, लई वळण लावलंय की सशाला!" कुणीतरी म्हणालं.

मी मान डोलावली. चार दिवसांत एवढी शिस्त! कचेरीतल्या शिपायाला इतक्या वर्षांत लावता आली नव्हती.

रांगेच्या पलीकडं कंपौंडर एका मारक्या बैलाची दोरी बघत होते. त्यांनी मला पाहिलं, हात वर केला आणि दोन बोटं दाखवून काहीतरी ओरडले. गलक्यात ऐकू आलं नाही. मला वाटलं, शाबासकी देतायत. सुमीचा हात सोडून मीही दोन बोटं वर केली.

शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि सगळ्या हलग्या एकदम कडाडल्या. बैल उधळले. ससा माझ्या कमरेइतका वर उडाला, आणि दोरी हातात असलेला माणूस जे करतो ते मी केलं. ओढली. तो कुशीवर आपटला. पुढचे पाय हलत होते. मागचे हलत नव्हते.

कंपौंडर बैलांमधून कसे आले मला ठाऊक नाही. त्यांनी कात्रीनं पट्टा कापला आणि ससा कोटाच्या आत घेतला. आम्ही त्यांच्या मागून दवाखान्यात पोचलो. सुमी रडत नव्हती. तिनं विचारलं, "कंपौंडरकाका, याला कशानं झालं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"पट्टा म्या शिवलाय बाई," ते म्हणाले. "माजंच चुकलं."

बोलायला मला वेळ होता. भरपूर होता. बाहेर हलग्या वाजत होत्या आणि मी स्वतःला समजावलं, की बोललो तरी तिला ऐकू जाणार नाही.

औषधांच्या खोक्यात जुनं धोतर अंथरून त्यांनी सशाला ठेवलं. "औषध न्हाय याला. गप पडू द्या. जगला तर आपल्या मनानं जगंल." सुमी रोज शाळा सुटली की घासाची पेंडी घेऊन तिकडं जायची. त्या दिवसांत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. मला वाटलं, सशाचं दुःख आहे. आठवड्यानं सशानं मागचा एक पाय ओढून घेतला, मग दुसरा. दुसरा पुढंही जरा फेंगडाच राहिला.

मग कंपौंडरांनी नवा पट्टा शिवला. यावेळी आठाऐवजी पंधरा दिवस घरात. नंतर रोज संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात दोरी माझ्या हातात दिली जायची.

"म्होरं त्यो, मागं तुमी. त्यो थांबला की थांबायचं. दोरीला झोल पायजे."

सुमी घासाची पेंडी घेऊन पायरीवर बसायची. आणि तहसील कचेरीचा कारकून लिंबाखाली अर्धा अर्धा तास उभा राहायचा, कारण सशाला एक पान खायचं असायचं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "ससा मुन्शीजींना फिरवायलाय!" एकदा तपासणीला वरचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

कंपौंडर ताठ उभे राहिले. "साहेब, पेशंट चालायलाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पेशंट कोण, याची त्यांना शंका आली असावी.

एक दिवस मी सरळच विचारलं, "ससा दोरी लावून फिरवावा का नाही? एकदाचं सांगून टाका."

"कुत्रं मागं येतं. बैल म्होरं चालतो. ससा दोन्हीतला न्हाय. त्येला फिरवायचा नस्तो मुन्शीजी. त्यो फिरतो. आपून दोरी धरून कुत्र्यांवर नजर ठिवायची. अन् जमिनीला चिटकून बसला तर वळण समजू नगा. त्यो भ्यालेला अस्तो."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं.

ससा त्यानंतर चार वर्षं जगला. कंपौंडर नोकरीतून निवृत्त झाले तरी त्याच बोळात राहिले. येता-जाता बांधलेल्या शेळ्यांच्या दाव्यात बोटं घालायचे. एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापात गेले. सुमी तेव्हा सोळा वर्षांची होती.

त्यांच्या अंगणात लोक तिरडी बांधत होते. त्यांच्या छातीवरून आडवी दोरी घेऊन एकानं ती ओढली, आणि माझा हात पुढं गेला. ठरवून नाही. दोरीखाली मी दोन बोटं सारली. ती अडकली.

"जरा सैल करा," मी म्हणालो.

बांधणारा थबकला. "मुन्शीजी, आता सैल करून काय व्हायचंय?"

"त्यांची पद्धत होती," मी म्हणालो.

सुमी माझ्या मागं येऊन उभी होती. मलाच तेवढं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, त्या पोळ्यालाही बोटं घालायची होती."

दहा वर्षं.

"व्हय," मी म्हणालो.

बांधणाऱ्यानं दोरी सैल सोडली. गाठ पक्की बसेपर्यंत मी बोटं काढली नाहीत.