खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

काळाचौकीच्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर आला तो बहिणीसाठी. संप होऊन बरीच वर्षं लोटली होती. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा सुरू झालीच नाही. वडील घरी असत. दिवसा घरी असणं त्यांना अवघड जाई. दुपारी कोणी पाहुणा आला तर ते उगाच सदरा घालून खाली उतरत आणि पाहुणा गेल्यावर वर येत. बहीण मराठी टायपिंग आणि मांडणी शिकली होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, पण घराचा मोठा भार तिच्या कामावर असे.

त्या वर्षी गिरगावातल्या एका छापखान्याने तिला पहिल्यांदाच पूर्ण पुस्तकाचं काम दिलं. कोकणातल्या एका गावाच्या मुंबईकर मंडळाची स्मरणिका होती. गावच्या देवळाचा इतिहास, जुन्या मंडळींच्या आठवणी, शुभेच्छांची पानं. काम दसऱ्याला सकाळी पोचवायचं होतं. मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, हे वेळेवर आलं तर पुढची पुस्तकं तुझी, नाहीतर जाहिरातीची चिटोरी टाइप करणाऱ्या मुली खूप आहेत. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. वडिलांना तर जास्तच, कारण बहीण कामाला बसली की ते रेडिओ लावत नसत.

खंडेनवमीच्या दिवशी पुस्तक जवळजवळ झालं होतं. मुखपृष्ठाचा कागद पसंत करायला बहीण गिरगावात गेली. कॉम्प्युटर मंद चालत होता, म्हणून जाताना तिने डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावण्याचं काम सुरू करून ठेवलं. त्याला दोन-तीन तास लागतात. काही वेळाने पडदा आपोआप काळा झाला. मी रात्रपाळी करून माळ्यावर झोपलो होतो. पुढचं मला आईकडून कळलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पूर्वी वडील घरातला हातोडा, पाना, कात्री असं मांडत. गिरणी चालू होती तेव्हा साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, प्रत्येक जण आपापला साचा पुसून, तेल घालून त्याला हार घाली. त्या वर्षी वडिलांनी ठरवलं की घरातलं खरं हत्यार आता कॉम्प्युटर आहे. आईने फडकं ओलं केलं. वडील म्हणाले, थांब. चालू यंत्राला ओलं फडकं लावायचं नसतं, आधी करंट तोडायचा, हा साचेखात्यातला पहिला नियम. पडदा काळा होता, म्हणजे यंत्र बंदच असणार असं त्यांना वाटलं. तरी खबरदारी म्हणून त्यांनी भिंतीवरचं बटण खाली केलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरत होता तो त्यांना ऐकू आला नाही. साच्यांच्या आवाजाने विणकरांचे कान जातात. त्यांचेही गेले होते.

मग पूजा झाली. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर तांदळाचे दाणे. बहिणीच्या फ्लॉप्या आईने ताम्हणात मांडल्या आणि प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं. पुस्तकाची राखीव प्रत त्याच फ्लॉप्यांवर होती. एक फ्लॉपी ताम्हणात मावेना, ती आईने तिच्या जागी, म्हणजे कॉम्प्युटरच्या खाचेत सरकवून ठेवली.

बहीण दुपारी परत आली. तिच्या आवाजाने मला जाग आली.

“बंद कोणी केला?”

“मी केला,” वडील म्हणाले. “पुसायचा होता ना. आधीच बंद होता तसा.”

“बंद नव्हता हो बाबा. काम चालू होतं त्याचं.”

“काय?”

“चालू होता! चालू!” तिला ओरडून सांगावं लागलं. त्यांच्याशी सगळंच ओरडून बोलावं लागे, त्यामुळे गॅलरीतल्या दोन बायका दारात आल्या.

पूजा केलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हातात घेत नाहीत. साचेखात्यात हा नियम मोडणाऱ्याला वडील सोडत नसत. ते क्षणभर उभे राहिले आणि मग त्यांनी स्वतःच मॉनिटरवरचा हार उतरवून देवाच्या फळीवर ठेवला.

“लाव,” ते म्हणाले.

बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ही डिस्क चालू करण्याजोगी नाही, दुसरी घाला. बहिणीचा चेहरा उतरला. मी माळ्यावरून उतरलो आणि ओळ पुन्हा वाचली. यंत्र आधी फ्लॉपी तपासतं, मग आतली डिस्क. खाचेतली फ्लॉपी बाहेर काढली. तिच्या पत्र्याच्या झाकणाखाली कुंकू गेलं होतं.

पुन्हा बटण दाबलं. या वेळी निळा पडदा आला. यंत्र नीट बंद झालं नव्हतं, डिस्क तपासत आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खालची पिवळी पट्टी पुढे सरके आणि अडे. अडली की प्रश्न विचारी. हरवलेले तुकडे सापडलेत, ठेवायचे की टाकायचे? दोन फाइली एकाच जागेवर हक्क सांगतायत, काय करू? बहीण प्रत्येक वेळी ‘ठेव’ म्हणत गेली. एव्हाना दारात चांगली गर्दी झाली होती. प्रसादाचा शिरा घेऊन आलेल्या बायका थांबल्या होत्या. शेजारचे काका आले. ते वडिलांच्याच खात्यात साच्यावर होते.

“काय रे वीव्हर, काय झाला?”

आईने सांगितलं, यांनी चालू असताना बंद केला.

“मग सोड आता,” काका म्हणाले. “आपण बंद केलेली मशीनं परत कधी चालू झाली रे?”

दारातले सगळे हसले. काकाही हसले. त्यांनी ‘आपण’ म्हटलं होतं, स्वतःला धरूनच म्हटलं होतं. संपाच्या पहिल्या दिवशी दोघे साचे बंद करून एकत्रच बाहेर पडले होते. एरवी ते असलं बोलले की वडील त्यांना सवाई उत्तर देत. त्या दिवशी त्यांनी बाकी काही ऐकलं नसेल, पण हे ऐकलं. ते मोरीत गेले आणि हात धूत राहिले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. काकांचं हसू मावळलं.

“चेडवा, घाबरू नको गो,” ते बहिणीला म्हणाले आणि दारातल्यांना घेऊन गेले.

कॉम्प्युटर अखेर सुरू झाला. पुस्तकाची फाइल दिसत होती, पण उघडत नव्हती. फ्लॉप्यांपैकी एकही वाचता आली नाही. उरले ते हरवलेले तुकडे. यंत्राने त्यांना नुसते क्रमांक देऊन ठेवलं होतं. एक तुकडा उघडला तर आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा निरर्थक चिखल. तेव्हाचे मराठी टाइप, म्हणजे फॉन्ट, असेच होते; ते लावले नाहीत तर इंग्रजी अक्षरंच दिसत. बहिणीने तो चिखल निवडून त्याला आपला मराठी टाइप लावला आणि पडद्यावर देवळाच्या जीर्णोद्धाराचा अर्धा परिच्छेद उभा राहिला. वाक्य मधेच तुटलेलं. पुढचं वाक्य कोणाच्या तरी शुभेच्छांचं.

असं निम्मं पुस्तक जमलं. उरलेलं हस्तलिखितावरून पुन्हा टाइप करायचं आणि सगळी मांडणी नव्याने करायची होती. सकाळपर्यंत होणं शक्य नव्हतं. मालकाला सांगणं भाग होतं.

“खालून फोन कर,” मी बहिणीला म्हटलं. “लाइट गेली होती म्हणून सांग.”

तिने मान डोलावली. वडील आमच्या तोंडाकडे बघत होते. “काय म्हणतो हा?”

तिने सांगितलं.

“लाइट गेली नव्हती,” ते म्हणाले. “मी येतो. मी सांगतो त्याला.”

ते परीटघडीचा सदरा घालून आले. आम्ही तिघे बसने गिरगावात गेलो. वाटेत त्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते मनात जुळवत असावेत.

छापखान्यातही पूजेची तयारी चालली होती. यंत्रांवर आंब्याच्या डहाळ्या बांधत होते. मालक टेबलाशी बसले होते. बहीण बोलायच्या आत वडील पुढे झाले. त्यांनी हात जोडले. मी त्यांना देवळाबाहेर कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

“साहेब, मशीन मी बंद केला. चालू होता, मला कळलं नाही. तिची चूक नाय.”

ते नेहमीसारखे मोठ्याने बोलले. डहाळ्या बांधणारी माणसं वळून पाहू लागली.

“हो, हो. बसा आजोबा,” मालक म्हणाले आणि बहिणीकडे वळले. “किती गेलं?”

“निम्मं.”

“उद्या माझीही यंत्रं बंदच आहेत. परवा सकाळी आण. मंडळाला मी सांगतो काहीतरी.” मग म्हणाले, “आणि हे बघ, कामाचं यंत्र घरच्यांच्या हाती सोडून जायचं नाही. वेगळी जागा बघ, नाहीतर इथे येऊन बसत जा.”

बहीण हो म्हणाली. वडिलांनी अजून हात खाली घेतले नव्हते. ते मालकाच्या तोंडाकडे बघत होते, आपल्याला काही विचारतील म्हणून. मालकाने कागदाचे नमुने काढले आणि बहिणीशी जाडीबद्दल बोलू लागले. मी वडिलांच्या कोपराला हात लावला, तेव्हा त्यांनी हात सोडले.

बाहेर पडल्यावर त्यांनी बहिणीला विचारलं, “काय म्हणाला?”

“परवा आण म्हणाले.”

“काम राहिलं ना तुझं?”

“राहिलं.”

“आणि मला काय म्हणाला?”

रस्त्यावर गर्दी होती. बहिणीला ओरडून सांगावं लागलं. “तुम्हाला काही नाही म्हणाले, बाबा.”

“काहीच नाही?”

तिने नकारार्थी मान हलवली. साचेखात्यात कापडावर डाग आला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ताका समोर पसरून माणसाला नावाने हाक मारी आणि चारचौघांत शिव्या घाली, असं वडील नेहमी सांगत. त्या दिवशी त्यांनी तसं काही सांगितलं नाही. बस येईपर्यंत ते आमच्यापासून थोडे लांब, दुसऱ्या कोणाबरोबर आल्यासारखे उभे राहिले.