टाकीतला पुदिना

फैसलाबादच्या आमच्या गल्लीत जेवढ्या गाड्या आणि रिक्षा गॅसवर चालत, त्यातल्या बहुतेकांना उस्ताद नजाकतने किट बसवलं होतं. माझ्या मेहरान मोटारीलासुद्धा. गिऱ्हाईक पेट्रोलची टाकी ठेवू म्हणालं की तो फिसकन हसायचा. "दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो, यार. काढ ती!" स्वतःच्या गाडीची टाकी तर त्याने वरून कापून दुकानाच्या दारात ठेवली होती. त्याच्या बायकोने, कनीजभाभीने, तिच्यात पुदिना लावला. मीही त्याच्या नादाने टाकी काढली. अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय.

पुढे हिवाळ्यात सरकारने गाड्यांचा गॅस बंद करायला सुरुवात केली. आधी दोन दिवस, मग आठवडे. नजाकत म्हणे, "येईल रे परत."

त्या जानेवारीत सकाळी चहा ओतताना कनीजभाभीच्या हातून किटली सुटली. तोंड वाकडं झालं. गल्लीतली एकही गाडी हलेना, रिक्षाही नाही. भाजीवाला शरीफ गाढवगाडी घेऊन आला. "उस्ताद, वहिनींना ठेव हिच्यावर, चल."

"गाढवावरून नेऊ? मी? पाच मिनिटं थांब."

त्याने बाटलीत पेट्रोल आणलं, नळी जोडली. सहा वर्षं कोरडा पडलेला कार्बोरेटर खोकला आणि गप्प झाला. उस्तादाने तो खोलला, फुंकला, पुन्हा बसवला. मी ओरडलो, "अरे, माणूस जातंय तुझं!" तो मान वर करेना. मीच भाभींना उचलून गाढवगाडीवर ठेवलं, तेव्हा तास उलटून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायचं होतं."

भाभी वाचल्या. उजवं अंग गेलं. मला त्याचा राग अजून येतो, आणि माझाही, कारण त्या तासातली पहिली चाळीस मिनिटं मी त्याला पाने-पकडी देत उभा होतो.

महिन्याने नजाकत त्या टाकीतली माती उपसायला बसला. वर पत्रा लावून, डाग देऊन पुन्हा गाडीला बसवणार म्हणे. खाटेवरून भाभी जड जिभेने म्हणाल्या, "राहू द्या हो. निदान चटणी तरी होते तिच्यातून."

त्याने माती परत भरली.