पायाला लावलेली तीट

काय वेंधळेपणा केला ते सांगते, पण हसायचं तर आत्ताच हसून घ्या. घाटकोपरची आमची अख्खी चाळ हसून झाली आहे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या. दोरखंडासारख्या! आठ महिने पट्टा गुंडाळला, पाय उशीवर ठेवून निजले. घोट्याजवळची जखम भरायची नि पुन्हा उघडायची. बाळाला कडेवर घेऊन नळापर्यंत जाववेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हे आता पट्ट्याचं काम नाही. खराब शीर काढून टाकू."

दोन महिन्यांनी नंबर लागला नि दवाखान्यात भरती झाले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला उभं केलं आणि पायभर निळ्या शाईनं रेघा नि फुल्या काढल्या. कशाला, ते विचारलं नाही. सातवी शिकलेली बाई डॉक्टरला काय विचारणार?

सासूबाईंनी बजावलं होतं, "देवाच्या नि डॉक्टरच्या दारात मळक्या अंगानं जायचं नाही." मग काय! सकाळी आंघोळीला गेले नि वज्रीनं पाय असा घासला, की शाईचा टिपूस राहिला नाही.

शेजारच्या खाटेवरच्या मेरीमावशी ओरडल्या, "अगो बाय, तुझ्या पायावरचा नकाशा कुठं गेला? त्यावरूनच कापतात ना!"

"मग आता?"

"आता काय? जा घरी! पुन्हा दोन महिने बस पट्टा गुंडाळत."

सासूबाई रोज बाळाला भेटायला आणायच्या, म्हणून उशीखाली त्याची काजळाची डबी होती. खाटेवर पाय पसरून बसले. शिरा दिसेचनात! मग आठवतील तशा काढल्या. झकास जमल्या. शेवटी ऑपरेशनला दृष्ट लागू नये म्हणून पोटरीवर एक ठसठशीत तीट लावली.

डॉक्टरांनी पाय बराच वेळ पाहिला. "हे कोणी काढलं?"

"तुम्हीच की, डॉक्टर."

"मी काजळ वापरत नाही."

त्यांनी मला उभं केलं. उभी राहिले तशा शिरा टरारून वर आल्या. म्हणजे उभं करायचं ते याच्यासाठी!

डॉक्टर बोट ठेवत गेले. "ही रेघ चुकली. हीपण. ही तर कुठंच जात नाही." मग थांबले. "हा ठिपका मात्र बरोबर शिरेवर आहे. हा कसा जमला?"

काय सांगणार? खरं ते सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं पुसून पुन्हा शाईनं काढलं. ऑपरेशन झालं, जखमही भरली. काजळाची डबी मात्र घरी सोडेपर्यंत सिस्टरच्या खिशात होती. बाळाला तीट लावायची, तर त्यांच्यासमोर लावायची. आणि फक्त बाळालाच.