क्रुसावरचं कापड

सोमवारी दुपारी व्हर्लीन आईच्या पांढऱ्या टेबलक्लॉथला इस्त्री करत होती. म्हणाली, "वेंडेल, उद्या शिडी नीट धर. गेल्या वेळी हलवलीस."

मी म्हटलं, "बहात्तरची झालीस, आता तरी शिडी सोड."

"मग तू चढतोस का? तुला खुर्चीवर चढलं तरी गरगरतं."

हे शेवटचं बोलणं. इस्त्री उभी करून ठेवली, खुर्चीत बसली आणि गेली. इस्त्री मीच बंद केली.

माझी मोठी बहीण. मी सातवीत शाळा सोडली, मला नीट लिहिता येत नाही, पण तिचं कुणीतरी लिहायला पाहिजे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या आमच्या गावात मतदान आमच्याच बाप्टिस्ट चर्चच्या हॉलमध्ये होतं, दुसरी मोठी जागा नाही. व्हर्लीन मतदारयादी घेऊन बसायची. आठ वर्षांमागं बुटांच्या दुकानाचे केपलन दारापर्यंत आले. ज्यू माणूस. भिंतीवरच्या मोठ्या क्रुसाकडं बघितलं, "पाय दुखतायत" म्हणाले आणि मत न देताच परत गेले. व्हर्लीन म्हणाली, पाय दुखणारा माणूस चढाच्या रस्त्यानं घरी जात नाही.

पुढच्या मतदानाला तिनं शिडी लावली आणि आईच्या त्या टेबलक्लॉथनं क्रूस झाकला. टाचणी नाही, खिळा नाही, नुसती दोरीची गाठ. संध्याकाळी उतरवायची, घडी घालायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. केपलन परत यायला लागले.

चर्चचा कारभारी हॉइट भडकला. "सिस्टर व्हर्लीन, येशूची लाज वाटते का तुला?"

"तुझ्या आवाजाची वाटते, ब्रदर हॉइट. देवाला कमी ऐकू येतं का?"

"कायदा म्हणतो झाकायची गरज नाही."

"कायद्यानं एकेकाळी आपल्याच बाप्टिस्ट लोकांना तुरुंगात टाकलं. का, तर सरकारी परवान्याशिवाय उपदेश केला. देव सरकारच्या हातात दिला की काय होतं ते आपण नाही तर कोण सांगणार? आज ही खोली सगळ्यांची. उद्या परत आपली."

त्यानं तिचा चर्चमधल्या रविवारच्या शाळेचा वर्ग काढून घेतला. एकतीस वर्षं शिकवत होती. तिनं मुलांच्या चित्रांचा खोका कपाटावर ठेवला आणि दोन दिवस धड जेवली नाही. पण रविवारी चर्चला गेलीच. मागच्या बाकावर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायली. सूर तिचा कधीच लागला नाही. आणि कापड काही तिनं सोडलं नाही.

मंगळवारी, मतदानाच्या सकाळी, मी ते कापड घेऊन हॉलवर गेलो. मला चढता येणार नव्हतं, तरी गेलो. बघतो तर शिडी लावलेली, आणि खाली हॉइट, हातात टाचण्यांची डबी.

"माझं मत तेच आहे," तो म्हणाला. "पण आण इकडं."

"टाचणी नाही लावायची."

"बरं." डबी खिशात टाकली. "धर नीट. मी काही तुझी बहीण नाही, पडलो तर बोंबलेन."

गाठ दोनदा सुटली. कापड अर्धं गुळगुळीत, अर्धं चुरगळलेलं, इस्त्री जिथं थांबली तिथपर्यंत. हॉइट वरूनच म्हणाला, "असंच राहू दे?"

"राहू दे."

सहाला दार उघडलं. रांगेत केपलन तिसरे होते.