शेवटचं बिल्ड कोणी केलं होतं?

मंडळी, आज यवतमाळच्या आमच्या तीन माणसांच्या ऑफिसात दोन तास वाद झाला. विषय एकच, बिल्डचं टूल बदलायचं की नाही.

आम्ही कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवतो. सगळा कोड जोडून ग्राहकाला द्यायची फाइल तयार करणं म्हणजे बिल्ड. जुन्या टूलवर त्याला पाऊण तास लागतो, म्हणून मी बदलायच्या बाजूने होतो.

सोबतचा पराग विरोधात. "कापसाचा हंगाम तोंडावर हाय अन् तू चालत्या गाडीचं इंजिन कायले खोलून राह्यला?"

एक मत माझं, एक त्याचं. उरल्या आमच्या टेस्टर, माधुरीताई. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दोघांनी शेवटचं बिल्ड कधी केलतं?"

मला आठवेना. परागलाही नाही. तीन वर्षं ते काम ताईच करतात.

"मंग करून पाहा ना आता."

बसलो, आणि तिसऱ्याच पायरीला अडकलो. पुढचं ताईंनी करून दाखवलं तेव्हा कळलं, टूल आपलं काम वीस मिनिटांत उरकतं. बाकी वेळ फायली हातानं इकडून तिकडे टाकण्यात जातो. कोणती कुठे टाकायची ते ताईंच्या वहीत आहे. आम्ही ती कधी उघडूनही पाहिली नव्हती.

निर्णय आठवडाभर पुढे ढकलला. तोवर बिल्ड आम्ही दोघंच करणार.

तुमच्याकडे असं काही ठरवताना रोज राबणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का?

उद्या पहिली पाळी माझी आहे. आणि ताई वही घरी घेऊन गेल्यात.