डेमो लेक्चरवाले

पाण्यानं भरलेला डबा दोरीला बांधून मी डोक्यावरून गरगर फिरवला. थेंब सांडला नाही. नांदेडला आमच्या क्लासमध्ये फिजिक्सच्या तासाला या जागी हमखास टाळ्या पडतात. इथं, लातूरकडच्या भूकंपग्रस्त गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बारावीची पोरं नुसती बघत बसली.

मागून रुक्मिण नावाची मुलगी उठली. "सर, मागल्या ऐतवारी आलेल्या सरांनी बी हेच करून दाखवलं. त्याच्या आधीच्यांनी बी. पुढचं कवा शिकवणार?"

मी डबा खाली ठेवला.

आम्ही नांदेड-लातूरचे क्लासवाले दर रविवारी पाळीपाळीनं इथं फुकट शिकवायला यायचो. पण आमच्या धंद्यात डेमो लेक्चर असतं. विद्यार्थी गळाला लागावा म्हणून पहिला तास फुकट द्यायचा, त्यात सगळ्यात रंगणारा धडा घ्यायचा. तीच सवय हाडात मुरलेली. जो येई तो आपला डेमो देऊन जाई. बाकीचं पुस्तक कोरंच राहिलं होतं.

रुक्मिणची आई भूकंपात गेली होती. ती काकाकडं राहायची. काका माणूस वाईट नव्हता, पण त्यानं बजावलं होतं, "यंदा पास झाली तर शिकवतो. न्हाई तर उन्हाळ्यात लगीन."

शेडबाहेर चहा पिताना मी बिरादार सरांपाशी विषय काढला. लातुरात केमिस्ट्रीच्या बॅचा त्यांच्या नुसत्या नावावर भरायच्या. ते उखडलेच.

"इथं मी जीव तोडून शिकवायलोय, अन् तुम्ही चुका काढता?"

बायॉलॉजीच्या तिडके मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, या पोरांना हृदय तीनदा शिकवून झालंय. किडनीला कुणी हात लावला नाही."

बिरादारांनी मान डोलावली. मग ठरलं, पाळ्या बंद. परीक्षेपर्यंत आम्ही तिघंच येणार आणि पुस्तक संपवणार.

अडलं माझ्यापाशीच. आमचे क्लासमालक म्हणाले, "रविवारची टेस्ट सिरीज कोण घेणार? एक रविवार जा, एक रविवार इथं थांबा."

मी बिरादारांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही नसाल तवा फिजिक्स मी घेतो. पण आधी मला शिकवा."

एवढा नावाजलेला माणूस नांदेडला येऊन माझ्यासमोर बाकावर बसला. इलेक्ट्रोस्टॅटिक्सचे डाऊट विचारू लागला. शेडमध्ये गणित अडलं की पोरांना सरळ सांगायचा, "मला बी येईना बघा. आपण मिळून काढू." विद्यार्थ्यांसमोर असं म्हणायची माझी छाती झाली नसती.

रुक्मिण पास झाली. फिजिक्सला काठावर. काकानं शब्द पाळला, तिला नर्सिंगला घातलं. निकाल सांगायला आली तेव्हा मार्क कमी पडले म्हणून बिरादार हळहळत होते. ती म्हणाली, "सर, आईला मार्कातलं काय कळलं नसतं. पास झाले, एवढं कळलं असतं." आम्हा तिघांचेही डोळे भरून आले.

पुढं मी पुष्कळ स्टाफ सांभाळला. टीम म्हणजे काय, यावरची भाषणंही ऐकली. मला एवढंच कळलंय की टीममध्ये कुणाला तरी दुसऱ्याचा कंटाळवाणा धडा शिकायला बसावं लागतं.